आईच्या वहीतली मुंबई

वार्षिक परीक्षा संपली, निकाल लागला, आणि तुमच्यापैकी काही जण आता मुंबईला मामाकडे, काकाकडे किंवा आत्याकडे निघाले असतील. निघण्याआधी एक प्रश्न हमखास पडतो : तिथं जाऊन बघायचं काय? मुंबईचे नातेवाईक यावर एक ठरलेली यादी म्हणून दाखवतात. गेटवे, चौपाटी, राणीचा बाग, मॉल आणि सिनेमा! ही यादी दोन दिवसांत संपते. मग मुलं टीव्हीसमोर बसतात आणि "गावाकडं बरं होतं" म्हणायला लागतात.

मी चिंचपोकळीला राहतो. जुन्या इमारतीत दोन खोल्या, वर मोठी गच्ची. २०२४ च्या मे महिन्यात माझी ताई तिच्या दोन मुलांना घेऊन परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून आली. पण सुटीसाठी नव्हे. तिच्या पोटात गाठ निघाली होती आणि परळ भागातल्या एका मोठ्या रुग्णालयात ऑपरेशन ठरलं होतं. भाऊजी पहिले दहा दिवस होते, मग पेरणीपूर्वीच्या कामांसाठी त्यांना परत जावं लागलं. भाचा तेरा वर्षांचा, भाची नऊ वर्षांची. दोघांची ही पहिलीच मुंबई. म्हणजे बघा, सुटी तर आहे, शहर तर मोठं आहे, पण मनात सगळा वेळ आई!

त्यातून रुग्णालयाचा नियम असा, की बारा वर्षांखालच्या मुलांना वॉर्डात सोडत नाहीत. नियम बरोबरच आहे, पण नऊ वर्षांच्या मुलीला तो पटवून द्या पाहू! पहिल्या संध्याकाळी ती खाली फाटकापाशी माझा हात धरून उभी राहिली आणि भाऊ एकटाच वर गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात शंभर पानी वही होती. पहिल्या पानावर ताईनं लिहिलं होतं, "आज काय बघितलंस ते मला रोज लिहून पाठव. मला इथून फक्त समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते."

झालं! त्या दिवसापासून आमचं फिरणं वहीसाठी सुरू झालं. सकाळी बघायचं, दुपारी लिहायचं, चारला वही वर जायची. आणि ताई काय करायची, ठाऊक आहे? वाचून झालं की खाली एक प्रश्न लिहायची. त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच जायची पाळी! एकच जागा दोनदा बघण्यातली गंमत मला मुंबईत पन्नास वर्षं राहून कळली नव्हती, ती या वहीनं दाखवली.

पहिली सुरुवात घराजवळच्या भायखळ्यापासून. राणीचा बाग, म्हणजेच वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. १८६२ सालापासूनची ही बाग. (बुधवारी बंद असते बरं का, नाहीतर फाटकावरून परत याल.) पेंग्विन बघायला रांग होती. हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन मूळचे दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे, आणि आपल्याकडे २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आले. भाचीनं वहीत लिहिलं, "पेंग्विनला ए.सी. आहे. तुला आहे का?" ताईचं उत्तर आलं, "पंखा आहे. पण मला मासे पण देत नाहीत."

पण त्या बागेत मला सगळ्यात आवडतो तो जिवंत प्राणी नव्हे. शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. मुंबईतलं हे सगळ्यात जुनं संग्रहालय, १८७२ सालचं. त्याच्या आवारात एक काळा दगडी हत्ती उभा आहे. हा हत्ती घारापुरी बेटावरचा. पोर्तुगीज लोक त्या बेटावर उतरले तेव्हा त्यांना हा दिसला आणि त्यांनी बेटाला 'एलिफंटा' म्हणायला सुरुवात केली. तुम्ही एलिफंटा केव्ह्ज म्हणता ना, ते नाव ज्या हत्तीमुळे पडलं तो हत्ती एलिफंटावर नाहीच मुळी, तो भायखळ्याला आहे! त्याची मान १८१४ मध्येच तुटून पडली होती. पुढे १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, तेव्हा उचलताना तो फुटला असं सांगतात. तुकडे बागेत आणून ठेवले गेले, आणि १९१४ मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला.

हे सगळं भाचीनं दोन पानं भरून लिहिलं. ताईचा प्रश्न आला, "जोड कुठं कुठं दिसतात?" दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्या हत्तीभोवती अर्धा तास फिरत होतो. रखवालदाराला वाटलं, यांचं काही हरवलंय. लांबून हत्ती अखंड दिसतो, पण जवळ जाऊन बघितलं की सांध्याच्या रेघा दिसायला लागतात. भाची गुडघ्यावर बसून चित्र काढत होती. तिनं रेघा लाल पेन्सिलीनं काढल्या आणि खाली लिहिलं, "हत्तीला खूप टाके आहेत. पण तो उभा आहे." त्याच्या दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन होतं. ते पान ताईनं वहीतून फाडून उशीखाली ठेवलं. वहीत पान फाडलेल्याची खूण अजून आहे.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही कुठंही गेलो नाही. ते काही सांगण्यासारखं नाही.

मग दोन दिवसांनी ताई उठून बसली आणि म्हणाली, "वही कुठाय?" तेव्हा आमची गाडी पुन्हा रुळावर आली. रूळ म्हटलं की लोकल आलीच. पाहुण्यांना लोकलची भीती वाटते, आणि सकाळी आठ ते अकरा, संध्याकाळी पाच ते नऊ ती वाटलीच पाहिजे. पण दुपारी बारानंतर चिंचपोकळीहून धिमी लोकल पकडलीत तर खिडकीची जागासुद्धा मिळते. (दारात उभं राहायचं नाही. मोठे उभे राहतात म्हणून तुम्हीही राहायचं असं नाही!) आणि बसचं म्हणाल तर मुंबईत दुमजली बस १९३७ पासून आहे. जुन्या लाल डबल डेकरनं १५ सप्टेंबर २०२३ रोजी निरोप घेतला, आता विजेवर चालणाऱ्या थंडगार दुमजली बस आल्या आहेत. वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा मिळवायची. झाडाच्या फांद्या काचेला घासून जातात तेव्हा नऊ वर्षांची मुलगी जी किंकाळी फोडते, ती कुठल्याही वॉटर पार्कात ऐकायला मिळायची नाही.

त्या बसनं आम्ही छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलो. याचा घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून सुचलेला आहे. आत काय नाही? पण सगळं एका दिवसात बघायचा हट्ट धरू नका, पाय दुखतात आणि डोक्यात काहीच उरत नाही. आम्ही फक्त प्राणी-पक्ष्यांचं दालन बघितलं. मी भाच्याला सहज सांगितलं, की इमारत बांधून झाली तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं, म्हणून आधी इथं जखमी सैनिकांसाठी रुग्णालय होतं, आणि संग्रहालय म्हणून ती १९२२ मध्ये उघडली. तो एकदम गप्प झाला. वहीत त्याच्या वाट्याला त्या दिवशी तीनच ओळी होत्या. ताईनं विचारलं, "त्या सैनिकांना खिडकीतून काय दिसत असेल?" दुसऱ्या दिवशी भाचा संग्रहालयाच्या खिडक्यांशी उभा राहून बाहेर बघत होता. उत्तर लिहिलं, "झाडं दिसत असतील. पाण्याच्या टाकीपेक्षा बरं."

डबेवाले बघायचे असतील तर कामाच्या दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमाराला चर्चगेट स्टेशनबाहेर उभे राहा. १८९० पासून चालत आलेलं हे काम. डब्याच्या झाकणावर रंगानं काढलेली अक्षरं आणि आकडे असतात. डबा कुठून आला, कुठल्या भागात जायचा, कुठली इमारत, कितवा मजला, सगळं त्या चार खुणांत. भाच्यानं लगेच वहीच्या मुखपृष्ठावर स्वतःची खूण काढली : चौथा मजला, डावीकडचा वॉर्ड, खाट अकरा. वहीसुद्धा डब्यासारखीच पोचायला हवी म्हणे!

आता तुम्हाला खरी उन्हाळ्याची गंमत सांगतो, जी मुंबईत आणि तुमच्या गावीही बघता येते, आणि तिला एक पैसा लागत नाही. आपण भूगोलात शिकतो, की आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य भर माध्यान्हीला बरोबर डोक्यावर येतो. मुंबईत तो दिवस १५-१६ मेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या शेवटी येतो. जुलैत ढग असतात, म्हणून मे महिनाच बरा. त्या दिवशी मुंबईत दुपारी साधारण १२ वाजून ३५ मिनिटांनी सरळ उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. याला शून्य सावली म्हणतात. पुण्याला हा दिवस मुंबईच्या एक-दोन दिवस आधी, कोल्हापूरला मेच्या पहिल्या आठवड्यात, नागपूरला थेट २६ मेच्या सुमाराला. जितकं उत्तरेला जाल तितका उशीर.

आणि मुंबई व परभणी नकाशावर बघा! दोन्ही जवळजवळ एकाच अक्षांशावर, १९ अंशांच्या आसपास. म्हणजे दिवस एकच. फक्त परभणी पूर्वेला, म्हणून तिथं सूर्य आधी माथ्यावर येणार. किती आधी? रेखांशातला फरक सुमारे ३.९ अंश, आणि एका अंशाला ४ मिनिटं. हा गुणाकार भाच्यानं गच्चीच्या कठड्यावर खडूनं केला : साधारण १६ मिनिटं.

१६ मेला भाऊजी शेतात उभे होते, हातात मोबाईल, समोर सरळ रोवलेली पहार. आम्ही गच्चीवर, समोर सपाट फळीवर उभा ठेवलेला स्टीलचा पेला. सव्वाबाराच्या पुढे भाऊजींचा आवाज आला, "गेली! सावली गेली बघा!" आमच्या पेल्याची अजून बोटभर शिल्लक होती. मग आम्ही वाट बघत बसलो. पायाला चटके बसत होते, गोणपाट ओलं करून त्यावर उभे होतो. भाची दर मिनिटाला विचारायची, "मामा, आता सूर्य कुठवर आला?" मी सांगायचो, "आता संभाजीनगरच्या पुढं असेल... आता नाशिकच्या बाजूला असेल..." आणि १२ वाजून ३५ मिनिटांनी पेल्याची सावली पेल्याच्या बुडाखाली शिरली. तिनं फोनवर ओरडून सांगितलं, "बाबा, पोचला! तुमचा सूर्य आमच्याकडं पोचला!"

त्या संध्याकाळी वहीत तिनं फक्त एवढंच लिहिलं, "बाबांकडून इथं यायला सूर्याला सोळा मिनिटं लागतात. देवगिरी एक्सप्रेसला पूर्ण रात्र लागते." (तुम्ही करून बघाल तर सूर्याकडे थेट मात्र अजिबात बघू नका. जे बघायचं ते जमिनीवर.)

आईबाबांनो, मधेच एक तुमच्यासाठी. मराठवाड्या-विदर्भातली मुलं म्हणतात, "मामा, इथं ऊन लई नाही, पण अंग भिजायलंय." खरं आहे. परभणीला ४२-४३ अंश असताना मुंबईत ३३-३४ असतात, पण हवेत दमटपणा इतका, की घाम वाळत नाही आणि शरीर गार होत नाही. मूल आळशी झालेलं नसतं, थकलेलं असतं. बारा ते चार घरी ठेवा, कैरीचं पन्हं द्या. दुपारनंतर खारे वारे सुटतात, ते पुस्तकातले नव्हेत, खरे! मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर पाच वाजता बसलात की तोंडावर येतात. कठड्याच्या पलीकडच्या सिमेंटच्या त्रिकोणी ठोकळ्यांवर मात्र कुणालाही उतरू देऊ नका, पाय फार वाईट अडकतो.

घारापुरीला मी फक्त भाच्याला घेऊन गेलो. गेटवेपासून लाँचनं तासभर लागतो. सोमवारी लेणी बंद. लाइफ जॅकेट घालायचं, उकडलं तरी. हीच ती गेटवे, १९२४ मध्ये पुरी झालेली, जिच्याखालून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण चालत जाऊन बोटीत बसली. बेटावर शंभराच्यावर पायऱ्या आहेत, वर साडेपाच मीटर उंचीचा तीन मुखांचा सदाशिव आहे. पण मला आठवतं ते परतीच्या लाँचमधलं. पोरगा बराच वेळ पाण्याकडे बघत होता. मग म्हणाला, "मामा, गाठीचा रिपोर्ट यायचाय ना अजून? मला माहीत आहे. तिला सांगितलं नाही मी." तिला म्हणजे बहिणीला. तेरा वर्षांचा मुलगा आठ दिवस हे एकटाच घेऊन हिंडत होता. "सगळं छान होईल" असं मी म्हणालो नाही, कारण ते मला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "डॉक्टर मला जे सांगतील ते मी त्याच दिवशी तुला सांगेन. काही लपवणार नाही." त्यानं मान हलवली आणि लाँचवाल्याकडून आम्ही दोन कुल्फ्या घेतल्या.

रिपोर्ट २१ तारखेला आला. गाठ साधी निघाली. वचन दिल्याप्रमाणे पहिला फोन भाऊजींना आणि दुसरा त्याला केला.

आता शेवटची मोठी मजा, ओहोटीची. आमच्या बाजारात मासे विकणाऱ्या कोळीण मावशी आहेत, त्यांच्याकडून मुलांनी एक गणित शिकून घेतलं. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीच्या मागेपुढे सहा तासांनी ओहोटी. आणि पौर्णिमा-अमावास्येला चंद्रसूर्याची ओढ एकत्र येते म्हणून पाणी सगळ्यात जास्त मागे जातं. २३ मेला बुद्धपौर्णिमा होती. गणिताप्रमाणे पहाटे पाच-साडेपाचला ओहोटी. आम्ही पहिली लोकल पकडून उजाडताना गिरगाव चौपाटीच्या खडकांवर हजर!

ज्या चौपाटीवर संध्याकाळी फक्त भेळ दिसते, तिथं पहाटे दुसरंच गाव वसलेलं असतं. खडकाच्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात समुद्रफुलं उघडलेली. फुलं म्हणायची, पण ते प्राणी आहेत, स्पर्श झाला की मिटतात. दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणारे खेकडे. खडकाला घट्ट चिकटलेली कालवं. काहीही उचलायचं नाही, दगड उलटला तर पुन्हा तसाच ठेवायचा, पायात बूट हवेत, आणि मोठं माणूस बरोबर हवंच, कारण पाणी परत येताना सांगून येत नाही. भाची दीड तास एका खळग्याशी बसली. वही नेली नव्हती. गरजच नव्हती, ताई आदल्या दिवशीच घरी आली होती.

संध्याकाळी पुन्हा ओहोटी होतीच. ताईला काळ्यापिवळ्या टॅक्सीतून चौपाटीवर नेलं. खडकांवर जाणं शक्य नव्हतं, ती वाळूत बसली आणि मुलं खळग्यात काय दिसतं ते ओरडून सांगत राहिली. वाऱ्यानं अर्धं ऐकू येत नव्हतं. ताई तरीही प्रत्येक वाक्याला "हो का?" म्हणत होती.

परतीची देवगिरी रात्री साडेनऊला होती. भाचीच्या हट्टामुळे आम्ही छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर दोन तास आधी पोचलो, कारण ताईनं वहीत शेवटचा प्रश्न घातला होता : "या इमारतीच्या भिंतींवर किती प्राणी-पक्षी कोरलेत?" फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ सगळ्यांनाच दिसतात. पण वर बघा, कमानीत पिसारा फुलवलेला मोर आहे, पन्हळींच्या तोंडाशी विचित्र जनावरं आहेत. १८७८ ते १८८७ अशी जवळजवळ दहा वर्षं ही इमारत बांधली जात होती, कोरीवकामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. दोघं मान वर करून रस्त्याच्या पलीकडून मोजत होते, ताई पिशवीवर बसून हिशोब लिहीत होती. अंधार पडला, गाडी लागली, आणि भाची एकोणीसवर येऊन थांबली. भाच्याचे तेवीस झाले होते. दोघं डब्यात चढेपर्यंत भांडत होते.

प्रश्न अजून सुटलेला नाही. तुम्ही मुंबईला आलात तर गाडीतून उतरल्यावर लगेच टॅक्सीकडे धावू नका. रस्ता नीट ओलांडून समोरच्या फूटपाथवर उभे राहा आणि मोजा. आकडा मला कळवा, मी परभणीला कळवतो.